पाणचक्कीपाशी बसलेली मुलगी

आमच्या वाचनमंडळाचा एक नियम आहे. जो वाचतोय त्याला कुणी अडवायचं नाही. चुकीचं वाचलं तरी नाही, ठसका लागला तरी नाही, एकाच ओळीवर तीनतीनदा अडखळलं तरी नाही. महिन्यातल्या एका शनिवारी जपानमधल्या त्सुकुबाच्या नागरी केंद्रात, दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत, आम्ही आठ म्हातारी माणसं टेबलाभोवती बसतो आणि ओळीने एकेक पान मोठ्याने वाचतो. फेरी संपली की चहा. चहानंतर प्रत्येकाने एक वाक्य बोलायचं, एकच. मग टेबल पुसायचं, खुर्च्या जागच्या जागी ठेवायच्या आणि घरी जायचं.

हा नियम मला पहिल्या दिवशी नीट समजावून सांगितला होता, आणि पहिल्याच दिवशी मी तो मोडला.

लेकीने मला गाडीतच बजावलं होतं. लेक आणि जावई इथल्या एका संशोधन संस्थेत आहेत. नवरा गेल्यावर पुण्याचा फ्लॅट बंद करून मी यांच्याकडे आले, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. "आई, तिथे शिकवायला जाऊ नकोस," ती म्हणाली. "ऐकायला जा." मागच्या सीटवर नात बसली होती. तिने मोबाइलमधून डोकं वर न काढता जपानीत एक वाक्य टाकलं. ते आजीला जमणार नाही, असा त्याचा अर्थ. नात माझ्याविषयीची मतं जपानीत मांडते, कारण मला एवढं जपानी येत नाही अशी तिची समजूत आहे. मला येतं. पण मी हे तिला सांगितलेलं नाही. सांगितलं तर घरातली माझी सगळी करमणूकच बंद होईल.

मंडळी वाचत होती एक जुनी जर्मन कादंबरी, जपानी भाषांतरात. जर्मनीत तीस वर्षं युद्ध चाललं होतं त्या काळातली. लेखकाने स्वतःचं नावही दिलेलं नाही. गाव जळाल्यावर रस्त्यावर आलेला एक पोरगा या सैन्यातून त्या सैन्यात, या मालकाकडून त्या मालकाकडे भटकत, चोऱ्या करत, थापा मारत मोठा होतो, त्याची ही गोष्ट. एकच हंस तो दोन्ही बाजूंच्या सरदारांना विकतो. मेलेल्या शिपायाचे बूट चढवून त्याच शिपायाच्या तुकडीत भरती होतो. आणि हे सगळं आपल्याला तो स्वतःच सांगतो, हसत हसत.

मला कुणी हे पुस्तक वाचायला बोलावणं म्हणजे मांजराला दुधाच्या राखणीला बसवणं. उभी नोकरी मी पुण्याच्या एका कॉलेजात जर्मन शिकवण्यात काढली आणि युद्धातल्या भटक्या भामट्यांच्या या जुन्या कादंबऱ्या म्हणजे माझा खास प्रांत. त्यामुळे माझ्या डावीकडच्या बाईंनी एका जर्मन गावाचं नाव जपानी वळणाने वाचलं, तेव्हा माझ्या तोंडून बरोबर उच्चार निघून गेला. चांगला खणखणीत, मागच्या बाकापर्यंत पोचेल असा.

खोली इतकी शांत झाली की खालच्या मजल्यावरच्या पिंगपाँगचा चेंडू ऐकू यायला लागला. बाई थांबल्या, किंचित वाकल्या, आणि पुढचं वाक्य वाचायला लागल्या. माझं पान मी कसंबसं वाचलं. माझ्यानंतर एक खूप म्हातारे गृहस्थ होते, नव्वदीला टेकलेले. त्यांच्या पानात तेच गाव पुन्हा आलं. त्यांनी ते बाईंच्यासारखंच वाचलं. मुद्दाम. सावकाश.

जिना उतरताना ते माझ्याशी चक्क जर्मनमध्ये बोलले. "बरोबर उच्चार मला येतो, सेन्सेइ. त्या गावात मी जेवलोही आहे. पण त्या चार वर्षं तसंच वाचतायत. आता ते गाव त्यांचं झालं."

हे गृहस्थ एका लेन्सच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. तरुणपणी कारखान्याने त्यांना दोन वर्षं जर्मनीला पाठवलं होतं, ते जर्मन अजून टिकून होतं. त्यात क्रियापदं कमी आणि यंत्रांच्या भागांची नावं जास्त. मी मनात त्यांचं नाव भिंगवाले ठेवलं. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी भिंगं घासली आणि आता स्वतःचेच डोळे चालले होते. केंद्रातली बाई त्यांचं पान टेबलक्लॉथएवढ्या कागदावर मोठं करून द्यायची, आणि ते त्यावरून हातातलं भिंग फिरवत वाचायचे. बायको गेलेली होती, मुलगा टोकियोत. ते मला सेन्सेइ म्हणायचे, म्हणजे गुरुजी. मला ते फार आवडायचं. त्यांना ते माहीत होतं, म्हणून ते जरा जास्तच म्हणायचे.

मी कसली सेन्सेइ होते तेही सांगते. डोळ्यांना नंबर नसताना मी चष्मा लावायचे, विद्वान दिसावं म्हणून. कडक खळीची सुती साडी, खांद्यापर्यंत कापलेले केस, हातात खडू. भामट्यांच्या कादंबरीची पाच लक्षणं मी फळ्यावर लिहायचे आणि मुलं ती पाठ करायची. पाचवं लक्षण असं होतं: दुय्यम पात्रं येतात आणि जातात, नायकाला त्यांची आठवण राहत नाही. त्यावर माझा एक विनोद ठरलेला होता. "भामट्याला भाऊबहिणी नसतात," मी म्हणायचे, मग जरा थांबायचे, "त्याला फक्त प्रसंग असतात." वर्ग हसायचा. दरवर्षी मी त्याच जागी थांबायचे आणि दरवर्षी वर्ग हसायचा. एका वर्षी कुणीच हसलं नाही, तेव्हा ही बॅचच मठ्ठ आहे असा निकाल मी स्टाफरूममध्ये दिला होता.

युद्धाचा अनुभव म्हणाल तर आमच्या सोसायटीतली पार्किंगची भांडणं. उपासमार म्हणाल तर चतुर्थी, तीही साबुदाण्याची खिचडी खाऊन.

तर, पुस्तक संपत आलं होतं. पाच-सहा बैठका उरल्या असतील. बैठक सुटल्यावर भिंगवाले खाली बाकावर बसून बसची वाट बघायचे, आणि माझी लेक न्यायला येईपर्यंत मीही त्यांच्याशेजारी बसायचे. त्या दिवशी त्यांनी कोपऱ्यातल्या मशीनमधून माझ्यासाठी गरम चहाचा डबा काढून आणला. असा पाहुणचार ते सहसा करत नसत, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

"सेन्सेइ, त्याच्या बहिणीचं पुढे काय होतं?"

"कोणाच्या बहिणीचं?"

"पोराच्या. सुरुवातीला आहे ती. पाणचक्कीपाशी बसलेली."

मला आठवेना. मी मंडळात चौथ्या वर्षी आले होते, सुरुवातीची पानं मी घरी भराभर चाळली होती. त्यांना सगळं पाठ होतं. गाव जळतं, पोरगा धाकट्या बहिणीला घेऊन नदीकाठच्या पडक्या पाणचक्कीपाशी येतो. तिला फुटक्या जात्यावर बसवतो आणि म्हणतो, इथून हलू नकोस, मी पाव घेऊन येतो. वाटेत त्याला एक तुकडी पकडते, गळ्यात ढोल अडकवते आणि घेऊन जाते. पुढच्या पानावर तो ढोल वाजवायला शिकतोय आणि आपण हसतोय.

"त्यानंतर तिचं नाव नाही," ते म्हणाले. "चार वर्षं मी वाट बघतोय. पण भाषांतर करणाऱ्याने प्रस्तावनेत लिहिलंय की लांबण लावणारे काही भाग गाळलेत. गाळलेल्या भागात ती असेल. तुम्ही मूळ पुस्तक बघाल का? मला ती लिपी वाचता येत नाही, आणि आता डोळेही नाहीत."

बघते म्हणाले. कुणी मदत मागितली की मला उकळ्या फुटतात.

लेकीने जर्मनीतल्या एका ग्रंथालयातून त्या पुस्तकाच्या पानांचे फोटो टॅबवर उतरवून दिले. जुनी काटेरी जर्मन लिपी, प्रत्येक अक्षर भाला घेऊन उभं. मी रोज दुपारी जेवण झाल्यावर बसायचे. गाळलेले भाग एकेक करून सापडले: दोन लढाया, एक लांबलचक प्रवचन, जखमेवर लावायच्या लेपाची कृती. गाळलेल्यांतच एके ठिकाणी, बऱ्याच वर्षांनी, त्याची तुकडी त्याच नदीकाठून जाते. तिथे अर्धं पान नदीचं वर्णन आहे. पाण्याचा रंग, काठावरची झाडं, वाहत आलेली मेलेली घोडी, सगळं. बहीण नाही. मी शेवटच्या पानापर्यंत गेले. बहीण कुठेच नाही.

आता एवढंच जाऊन सांगायचं होतं. नाही हो, ती परत येत नाही. पण मला त्यांचा तो चहाचा डबा आठवायला लागला. चार वर्षं एक माणूस वाट बघतोय आणि मी जाऊन काय सांगणार, लक्षण क्रमांक पाच?

म्हणून मी ते पान लिहिलं.

दया आली म्हणून लिहिलं, असं तेव्हा मी स्वतःला सांगितलं. थोडी आलीही असेल. पण खरी गोष्ट अशी की पहिली दोन वाक्यं जमल्याबरोबर मला मजा यायला लागली. जन्मभर दुसऱ्यांच्या कादंबऱ्यांना लक्षणं चिकटवली, स्वतः एक ओळ लिहिली नव्हती. आता मी त्या जुन्या जर्मनमध्ये, त्याच ऐटीत, चांगलं पानभर लिहिलं. एक हिवाळा गेल्यावर पोरगा तुकडीतून पळ काढून नदीवर येतो. चक्की आता चालू आहे. मालकिणीने पोरीला ठेवून घेतलंय. पोरगी पुलाच्या त्या टोकाला उभी आहे. ती त्याला ओळखते, पुलावरून धावत येते, त्याच्या गळ्यात पडते आणि दोघं रडतात. वाक्यं मोठ्याने म्हणून बघितली. डोळ्यांत पाणी आलं, माझ्याच लेखनाने.

लेक आत आली. "आई, कुणाशी बोलतेयस?"

तिला सांगितलं. ती दारातच उभी राहिली.

"हे फसवणं आहे, आई."

"भामट्याच्या पुस्तकात एक भामटेपणा जास्त. कुणाचं काय बिघडणार आहे?"

"ते विचारतायत म्हणजे त्यांना खरं काय ते हवंय ना?"

"तू शास्त्रज्ञ. तुला खऱ्याची सवय लागलीय. गोष्टीतल्या मुलीचं खरं आणि खोटं काय असतं गं?"

तिने हात वर केले आणि निघून गेली. वादात मी जिंकले होते. असे जिंकलेले बरेच वाद मला आता आठवतात.

पुढच्या बैठकीच्या दिवशी मी लवकर गेले. भिंगवाले बाकावर आधीच येऊन बसले होते, टोपी मांडीवर. "सापडली?" त्यांनी विचारलं. मी टॅब उघडला, जणू मूळ पान समोर आहे असा धरला, आणि वाचायला लागले. त्यांनी डोळे मिटले. मी छान वाचलं. थांबायच्या जागी थांबले, पुलाशी आवाज हलका केला.

वाचून झालं. त्यांचे डोळे मिटलेलेच राहिले. मला वाटलं, भारावले.

"किती दिवसांनी येतो तो?" त्यांनी तसंच विचारलं.

"एका हिवाळ्यानंतर."

"आणि ती धावत येते."

"हो."

"आणि गळ्यात पडते. त्याच्या हातात काय होतं?"

"हातात?"

"पाव आणायला गेला होता ना."

मी टॅबकडे बघितलं. तिथे बघून काय उपयोग, लिहिणारी मीच होते. पाव मी विसरले होते. अख्खा हिवाळा, चक्की, पूल, मालकीण, सगळं सुचलं. ज्यासाठी पोरगा गेला तो पाव काही सुचला नाही.

"ती आधी हाताकडे बघेल," भिंगवाले म्हणाले. "तोंडाकडे नंतर." मग ते हसले. त्यांना मी असं हसताना कधी बघितलं नव्हतं. "सेन्सेइ, फार सुंदर जर्मन आहे हं हे. ज्याने बाकीचं पुस्तक लिहिलं त्याला इतकं सुंदर कधीच जमलं नाही."

माझे कान तापले. ते टोपी हातात फिरवत होते.

"माझी बहीण पाच वर्षांची होती," ते म्हणाले. "युद्धात टोकियो जळलं, आईवडील गेले, आम्ही दोघं उएनो स्टेशनच्या भुयारात राहायला लागलो. तिथे पुष्कळ मुलं होती. मी थापा मारायचो, चोऱ्या करायचो, बऱ्यापैकी करायचो. एक दिवस तिला खांबाला टेकवून बसवलं. म्हटलं, हलू नकोस. रताळं मिळवलं, पण मार खाल्ला, त्यात वेळ गेला. आलो तर ती नव्हती. कुणी म्हणालं ट्रक आला होता, मुलं भरून नेली. कुणी म्हणालं एका बाईने नेली. ती हलणारी नव्हती. म्हणजे कुणीतरी उचललं असणार."

"मग?" मी विचारलं. मग! जणू पुढचा अध्याय मागत होते.

"मग रताळं खाल्लं," ते म्हणाले.

पलीकडच्या हॉलमध्ये पिंगपाँग चालू होतं. माझ्या पिशवीत बेसनाचे लाडू होते, मंडळासाठी आणलेले. मी डबा उघडला आणि त्यांच्यापुढे धरला. घ्या ना, एक तरी घ्या, मी केलेत. त्या क्षणी मला एवढंच सुचलं, आग्रह. त्यांनी एक लाडू घेतला, दोन्ही हातांनी, आणि हातातच ठेवला.

"आता सांगा," ते म्हणाले. "खरं काय आहे तिथे?"

"काही नाही. ती परत येत नाही. मी सगळं वाचलं."

"अजिबात नाही?"

"एकदा त्याच नदीवरून त्याची तुकडी जाते. पण तिथे नुसती नदी आहे."

"वाचा."

मी पान काढलं, या खेपेला खरंखुरं, आणि ते अर्धं पान वाचलं. त्यांनी ते पुन्हा वाचायला लावलं. पाण्याचा रंग, झाडं, घोडी.

"चक्की नाही?"

"नाही."

"इतकं सगळं दिसलं आणि चक्की दिसली नाही." त्यांनी मान हलवली. "मग लिहिणाऱ्याला माहीत होतं, सेन्सेइ. तो तिथे गेला होता."

तीसेक वर्षं मी शिकवलं की भामट्याला आठवण राहत नाही. ते अर्धं पान माझ्या टेबलावर महिनाभर उघडं होतं आणि मला तिथे लेखकाचं पाल्हाळ दिसलं. जो माणूस मेलेली घोडी मोजत जातो, तो पाणचक्की बघायचं टाळतोय, हे ज्याला स्वतःला तसं टाळावं लागलं त्याला एका वाचनात कळलं. भिंगवाल्यांना हे "काही नाही" पुरलं असतं. चार वर्षं ते त्याचीच वाट बघत होते की काय, असंही मला आता वाटतं. तिथे मी मध्ये जाऊन पूल बांधला.

वर बैठक सुरू झाली. माझं पान मी वाचलं, पण काय वाचलं ते आठवत नाही. मला सारख्या माझ्या सासूबाई आठवत होत्या. सासूबाई लहान असताना युद्धात रंगूनहून चालत आल्या होत्या, आईवडिलांबरोबर, जंगलातून; निघाले तितके सगळे पोचले नाहीत, एवढंच घरात बोललं जायचं. त्यांची एक सवय होती. मुलगा ऑफिसातून आला, मी कॉलेजातून आले, दारात कुणीही आलं, की त्या आधी हातांकडे बघायच्या. पिशवी आहे का, पिशवीत काय आहे. मग तोंडाकडे बघून म्हणायच्या, आलीस का गं. मला ते हावरटपणाचं वाटायचं. मैत्रिणींसमोर मी त्यांची ती नजर करून दाखवायचे, मान खाली, डोळे पिशवीवर, आणि सगळ्याजणी खिदळायच्या. सकाळी मी फळ्यावर युद्धातल्या भटक्यांची लक्षणं लिहायचे आणि संध्याकाळी चालत आलेल्या एका बाईच्या हातची भाकरी खायचे, आणि या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं त्या चष्मा लावलेल्या विदुषीच्या डोक्यात एकदाही आलं नाही. वाटेत काय झालं, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. आता त्यांनाही जाऊन बरीच वर्षं झाली.

भिंगवाल्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं नाही. तसं झालं असतं तर सोपं गेलं असतं. ते पूर्वीसारखेच सेन्सेइ म्हणायचे, पूर्वीसारखेच बाकावर बसायचे. मीच आता चहाचे डबे आणायला लागले होते, आणि फार बोलायला लागले होते, हवेबद्दल, नातीबद्दल, काहीही. एकदा न राहवून मी म्हणाले, ते पान मी दुरुस्त करते. पाव घालते. धावणं काढून टाकते.

"नको," ते म्हणाले. "आता हात लावू नका."

शेवटच्या बैठकीला कादंबरीचा शेवट वाचला. भामट्याला पश्चात्ताप होतो, तो जगाकडे पाठ फिरवतो आणि डोंगरातल्या गुहेत जाऊन देवाचं नाव घेत बसतो. हाच या कादंबरीचा आत्मा, असं मी शिकवायचे. परीक्षेत हमखास यायचं. चहा झाला, आणि एकेका वाक्याची पाळी आली. ज्यांच्या गावाचं नाव मी सुधारलं होतं त्या बाई म्हणाल्या की त्यांना आता दर महिन्याला चुकल्यासारखं वाटेल. एकजण म्हणाले की हंस विकायची गोष्ट सगळ्यात छान होती. माझी पाळी आली. मी महिनाभर घोटून तयार केलेलं, व्याकरणशुद्ध, वैराग्यावरचं जपानी वाक्य होतं. ते मी बोललेच नाही. "हे पुस्तक मला येतं असं मला वाटायचं," एवढंच म्हणाले. सगळ्यांनी मान लववली.

भिंगवाले शेवटी बोलले. "जो एकदा उपाशी राहिला तो असं जग सोडून जात नाही," ते म्हणाले, "त्यामुळे हा शेवट दुसऱ्या कुणीतरी लिहिला असावा." आणि त्यांनी अगदी किंचित माझ्या दिशेने मान वळवली. बाकीच्यांना काही कळलं नाही. मला हसू आलं, आणि त्याच्या पाठोपाठ लाज.

खाली बाकावर आम्ही शेवटचं बसलो. नवं पुस्तक पुढच्या महिन्यात निवडणार होते, पण भिंगवाल्यांनी सांगून टाकलं होतं की आता त्यांच्याने येववणार नाही. मोठा केलेला कागदही दिसेनासा झाला होता. मुलगा त्यांना टोकियोतल्या एदोगावाला स्वतःजवळ नेणार होता.

"सेन्सेइ," ते म्हणाले, "एक सांगू का? रागावून सांगत नाहीये."

"सांगा."

"माझी बहीण इतकी वर्षं बसलेली होती. खांबाला टेकून, गुडघ्यांत डोकं घालून. तेवढंच मला दिसायचं. चेहरा केव्हाच विसरलो, पण ते बसणं दिसायचं. रोज नाही, पण दिसायचं." त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली, पुन्हा काढली. "त्या दिवसापासून ती पळते."

मी हातातला चहाचा डबा बाकावर ठेवला.

"पुलावरून येते. उएनोच्या भुयारात पूल नाही. तिच्या अंगात पळण्याएवढी ताकद नव्हती, आठवडाभर ती उभीही राहिली नव्हती. पण डोळे मिटले की पळत येते, तुमच्या त्या वाक्यांतून. बसलेली शोधायला जातो, तर सापडत नाही."

"मला क्षमा करा," मी म्हणाले. जर्मनमध्ये म्हणाले, मग जपानीत म्हणाले, आणि दोन्ही ठिकाणी ते कमी पडलं म्हणून मराठीतही म्हणाले.

"क्षमा कशाला," ते म्हणाले. "मला अजून कळलेलंच नाही, हे चांगलं झालं की वाईट."

बस आली. ते सावकाश चढले, दांडा चाचपडत. मी त्यांच्या कोपराला आधार द्यायला हात पुढे केला आणि मागे घेतला. त्यांनी खिडकीतून मान लववली, माझ्या जरा उजवीकडे, जिथे मी उभी असेन असं त्यांना वाटलं तिथे. मी दोन पावलं सरकून त्या जागेवर जाऊन उभी राहिले आणि वाकले.

ते पान मी टॅबवरून केव्हाच पुसून टाकलं आहे. त्यांच्याकडून ते परत कसं घ्यायचं, ते मला माहीत नाही. एदोगावाला जाऊन विचारावं, असं दर शनिवारी वाटतं. अजून धीर झालेला नाही.